राणीसाहेबांचे कपडे

पॅरिस, राजवाडा

आई,
तुझ्या पेरीनचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

राजे वारल्यापासून राणीसाहेब पांढऱ्या कपड्यांत खोलीत बसून आहेत. चाळीस दिवस बसायचं. पोटात बाळ असेल तर त्या राहणार. नसेल तर दीर राजा होणार आणि ह्यांना माहेरी धाडणार. कपडे मी धुते, म्हणून आम्हा दासींवरच्या थोरल्या बाई रोज मलाच विचारतात, "काय गं, डाग नाही ना?"

परवा होता. राणीसाहेब म्हणाल्या, "पेरीन, आजच्या दिवस मला आई राहू दे."

मी बाईंना "नाही" सांगितलं.

काल राणीसाहेबच म्हणाल्या, "जा, सांग." सांगितलं. लगेच नव्या राजासाठी घंटा वाजल्या.

आता त्यांच्या पेट्या भरतेय. रडू येत नाही. माझी खाट अजून चुलीजवळच आहे ना?

तुझी पेरीन