चादर बादलीत भिजत घातली आहे

सुकेशनी, शाळेतून आलीस की नाक धरूनच आत ये. सोफ्याची चादर मागच्या बादलीत आहे. वर ताट झाकलंय, ते काढू नको.

कॉलनीमागच्या मैदानावर सकाळी सगळे आपापली कुत्री मोकळी सोडतात, म्हणून मीही ब्रुनोची साखळी काढली. तुझ्या लेकीच्या या लाडक्यानं आधी तिथं फेकलेली कोंबड्यांची आतडी खाल्ली, मग मेलेल्या डुकरावर लोळला. डुक्कर म्हशीएवढं, आणि वास असा की झाडावरचे कावळे भोवळ येऊन पडले. बाकीचे मालक लांबून हसायलेत, "लय हुशार कुत्रं हाय, गुरुजी!" थू त्यांच्या हुशारीवर!

घरी येऊन तो सगळं सोफ्यावर ओकला. मांजर ओकलं असं लिहिणार होतो, पण मांजराच्या पोटात एवढं मावत नाही.

"आणखी एकदा घाण केली की पोखर्णीच्या शेतावर धाडीन," असं तू बजावलंयस. पण साखळी मी काढली. धाडायचंच तर मला धाड. मी तिथं राहीन. तिथल्या कुत्र्यांपुढं हा एक दिवस टिकायचा नाही, आणि पुण्याहून आल्यावर तुझी धम्मशीला आधी त्यालाच हाक मारते.

त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलोय.

मामा