यंदाचा रुपया

प्रिय आपा,

उद्या तुझा खड्डा बुजवणार आहेत, म्हणून लिहितोय. तू गेल्याचा चाळिसावा दिवस परवाच झाला.

राजापूरच्या बाजारातल्या त्या जुन्या वखारीची जमीन तू अर्धीच उघडली होतीस. उरलेली आता तशीच मातीखाली राहणार. पावसाच्या आत खड्डा भरा, असा वरून हुकूम आलाय. मी काय करू? मी फरशीचा दुकानदार. मला वरची फरशी बसवता येते, खालची ओळखणारी तू होतीस!

मोठमोठ्या शहरांत पुरातत्त्वाची खोदकामं केलीस, तिथे सगळे तुला मॅडम म्हणायचे. आणि आपल्याकडे? येता-जाता विचारायचे, "हंडा मिळाला काय गो?" तू हातातला ब्रश न थांबवता सांगायचीस, "मिळाला हो, पण फुटका!"

छातीत दुखतंय हेसुद्धा तसंच हसत सांगितलंस. "एवढा कोपरा होऊ दे, मग डॉक्टर." अगं, कोपरा कुठे पळून जाणार होता? इतकी वर्षं थांबला होता, आणखी चार दिवस थांबला नसता? राग येतो मला तुझा. खूप येतो.

आठवतं, तुझा इथला पहिला खड्डा बुजवताना अम्मी बघायला आली होती? तळाशी चकचकीत रुपया दिसला, तशी तिने मजुराला उतरवून तो वर काढायला लावला. "पैसे मातीत टाकतेस? लाज नाही वाटत?" तू कपाळावर हात मारलास. मग समजावलंस, खोदून झालं की त्या सालचं नाणं तळाशी ठेवायचं आणि मग माती लोटायची. पुढे कुणी खणलंच, तर त्याला कळतं की आपल्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलंय, आणि कधी. अम्मीला काही पटलं नाही. तो रुपया ती पदराला बांधून घरी घेऊन गेली!

तुला माती देताना मला तेच आठवत होतं, आपा. मूठ उघडेचना माझी.

आज सकाळी अम्मीने दुकानाचा गल्ला उपसला. चष्मा लावून एकेक नाणं उलटंसुलटं करत बसली. शेवटी एक रुपया माझ्या हातावर ठेवला. यंदाचा.

"खालीच ठेव," म्हणाली. "आणि कुणाला वर काढू देऊ नको."

उद्या मी स्वतः खाली उतरेन. तुझ्या राहिलेल्या कोपऱ्याशी तो ठेवेन आणि माती पडेपर्यंत तिथून हलणार नाही. शब्द देतो.

तुझा धाकटा भाऊ,
सलीम