वर्गाकडे पाठ

दि. १ जुलै

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तुला 'हॅलो'च्या पुढचं ऐकू येत नाही आणि मला सध्या ओरडता येत नाही. घसा पार बसला आहे. पहिलीचा वर्ग मिळाला आहे, शाळा उघडून तीन आठवडे झाले.

बेचाळीस मुलं, दोन खिडक्या, एक दार. शाळा उघडायच्या आधी सगळे रविवार मी शिडीवर घालवले. अक्षरं, फळं, प्राणी, आकडे, घड्याळ. भिंतीचा रंग दिसत नाही. वर दोऱ्या बांधून कागदाचे मासे टांगले. मुख्याध्यापक बाई छान म्हणाल्या. मुलं दिवसभर मासे बघतात. मी बोलले की तीही बोलतात, मी आवाज चढवला की त्यांचा त्याहून चढतो. दुसरीच्या बाई पलीकडून भिंत ठोकतात. घरी आले की खांद्यावर पिशवी तशीच ठेवून खुर्चीत बसते. आई म्हणते, ती पिशवी तरी उतरव, पाहुणी आल्यासारखं वाटतं.

खिडकीजवळ एक मुलगी बसते. शब्द तिच्या तोंडात अडतो. पहिलं अक्षर तीन-चारदा येतं, मग उरलेला शब्द येतो. पण वाचते. पहिल्याच आठवड्यात माझ्या भिंतीवरचा एकूण एक शब्द तिने शेजारणीला वाचून दाखवला. आतापर्यंतची माझी कमाई तेवढीच. ती माझ्या हातून बिघडू नये असं फार वाटतं.

तू चौतीस वर्षं पहिलीच शिकवलीस. काय करू ते लिही. उत्तराची वाट पाहते आहे, आणि तुझ्या रागावण्याचीही.

तुझी,
भिंगरी


दि. ९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हात कापतो म्हणून थोडक्यात लिहिते. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

मासे उतरव. भिंतीवर एका वेळी एकच गोष्ट असावी आणि ती मुलांच्या डोळ्यांसमोर असावी. तू सगळं स्वतःच्या उंचीला लावलं असशील, लहानपणापासून तुला आपण फार उंच आहोत असं वाटतं. बाकं जोडून चार-चार मुलं समोरासमोर बसव. वर्गाचा आवाज चढला की तुझा उतरव. आवाज त्यांचा आहे, घसा तुझा आहे.

यातलं काहीच जमलं नाही तरी एक कर. रोज दहा मिनिटं वर्गाकडे पाठ कर. पहिले काही दिवस जड जाईल. सोडू नकोस.

त्या मुलीचा शब्द तू पुरा करू नकोस. कितीही वेळ लागो, थांब.

तुझ्या आईला सांग, मीसुद्धा पिशवीसकटच बसायचे. तेव्हा ती मला हसायची. प्रकृतीला जप, आणि म्हाताऱ्या मावशीला मनातून काढू नकोस.

मावशी


दि. ६ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मासे उतरवले. दोन दिवस मुलं वर बघत राहिली, मग खाली बघायला लागली. बाकं जोडली.

पण खरा गुण तुझ्या दहा मिनिटांचा. तू लिहिलंस तसंच झालं, पहिले काही दिवस जड गेले. आता टेबलावर फुटपट्टी वाजवली की बेचाळीस तोंडं एकदम उघडतात. बाराखडी, वार, महिने, दहापर्यंतचे पाढे. पाठांतर चालू असताना एक मूल हलत नाही. मुख्याध्यापक बाई दाराशी उभं राहून ऐकून गेल्या. नंतर बोलावून पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. सत्तावीस तारखेला तपासणीला अधिकारी येणार आहेत, त्यांना माझा वर्ग दाखवायचं ठरलं आहे. सगळं नीट झालं तर पुढच्या वर्षीही पहिली मलाच.

एकच गोष्ट लागून राहिली आहे. खिडकीजवळच्या मुलीला सगळ्यांबरोबर म्हणता येत नाही. वर्ग 'पतंग' म्हणून पुढे जातो, ती 'प'वरच असते. सगळे थांबले की तिचं एकटीचं अक्षर खोलीत उरतं. मग मुलं हसतात. वाईट नाहीत ती, त्यांना गंमत वाटते. आता ती नुसते ओठ हलवते. शेजारणीला वाचून दाखवणंही बंद झालं. गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी तिचं पोट दुखतं. तिची आई शिवणकाम करते. परवा मधल्या सुट्टीत आली, बस म्हटलं तरी बसली नाही. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर नाव काढून पोरीला वर्षभर घरी ठेवते म्हणाली. मी बघू म्हटलं.

तू मला उलटे पाढे पाठ करायला लावायचीस आणि मी रडायचे. त्याने माझं काही बिघडलं नाही. म्हणून चालू ठेवलं आहे. बरोबर ना? माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. १४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेजारणीकडून वाचून घेतलं, म्हटलं माझेच डोळे फसवत असतील.

वर्गाकडून पाठ करून घे असं मी लिहिलं नव्हतं. वर्गाकडे पाठ कर असं लिहिलं होतं. पाठ म्हणजे तुझी पाठ, अंघोळ करताना जिथे हात पोचत नाही ती. तोंड फळ्याकडे करायचं, वर्ग मागे. आधी मला खूप हसू आलं. मग मुलीचं वाचलं आणि ते गेलं. अर्धी चूक माझ्या हाताची. उरलेली अर्धीही माझीच. पाढ्यांची मावशी तुला ठाऊक होती, म्हणून तू माझं पत्र तिचं समजून वाचलंस.

आता एक सांगते. नव्या शिक्षकांना मी वर्षानुवर्षं हे पद्धत म्हणून सांगितलं. पद्धत वगैरे काही नव्हती. नोकरीच्या अकराव्या वर्षी एका सकाळी मला ती तोंडं बघवेनात. घरी कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. दमले होते. फळ्याकडे वळले, खडू हातात घेतला आणि काहीच लिहिलं नाही. मागे गोंधळ झाला, वाढला, मग कमी झाला. एक पोरगी दुसरीला 'क' कसा काढायचा ते समजावत होती. तो 'क' आठवडाभर माझ्याकडून तिच्या डोक्यात शिरला नव्हता. मी वळले असते तर त्या थांबल्या असत्या. म्हणून वळले नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच केलं.

तपासणीच्या दिवशी काय करायचं ते मी सांगणार नाही. बाईंचं मन राखलंस तरी रागावणार नाही. मीही जन्मभर वरच्यांचं मन राखत आले. पण पाठांतर उद्यापासून थांबव. त्या पोरीचे दोनच आठवडे उरले आहेत.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त आज थोडे शरमलेले.

मावशी


दि. ३१ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाठांतर बंद केलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं लपाछपी आहे, कुणीतरी दहा-वीस मोजायला लागलं. एकाने बाई रडतायत असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी एक बाक पडलं. पाचव्या दिवशी आवाज खाली आला. मुख्याध्यापक बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, सत्तावीसनंतर काय हवं ते करा, त्या दिवशी पाठांतर झालं पाहिजे. मी हो म्हटलं. खोटं बोलले नाही, तेव्हा तेच करणार होते.

दोन अधिकारी आले. एक मुलांच्या बाकावर बसले, त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. बाईंनी खूण केली. मी फुटपट्टी उचलली आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. मुलीने ओठ आधीच मिटून घेतले होते. दोन्ही हात पोटावर होते.

फुटपट्टी खाली ठेवली. मुलांना आपापलं काम करायला सांगितलं आणि वळले.

अशा वेळी हातांचं काय करायचं ते तू लिहिलं नव्हतंस. फळ्यावरची तारीख मी निदान तीसदा वाचली. मागे बाई खाकरल्या, मग पुन्हा खाकरल्या. कुणीतरी खडू मागितला, कुणीतरी दिला. मग तिचा आवाज आला. शेजारीण कार्डावरचा 'पतंग' हा शब्द 'पलंग' वाचत होती आणि ही तिला 'ल' नाही, 'त' आहे हे सांगत होती. सांगायला फार वेळ लागला. शेजारीण थांबली. बाकावरची बाकीची दोघंही थांबली. कुणी हसलं नाही.

शेऱ्यात लिहिलं आहे की शिक्षिकेचं वर्गाकडे लक्ष नाही. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या वर्षी मला चौथी देणार आहेत, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं.

काल तिची आई आली. याही वेळी बसली नाही. पोरीचं पोट अजून दुखतं म्हणाली, पण आता रविवारी दुखतं. नाव सहामाहीपर्यंत राहू दे, मग बघू, असं ठरलं.

मी फार दमले आहे. आनंदही झाला असावा, पण तो सवडीने होईल. एक विचारायचं आहे. ती शब्द सांगत होती तेव्हा तिचा चेहरा कसा होता, ते बाकावरच्या अधिकाऱ्यांनी पाहिलं, बाईंनी पाहिलं, फक्त मी पाहिलं नाही. चौतीस वर्षांत तुला एकदाही वळून बघावंसं वाटलं नाही का, तेवढं लिही.

उत्तर लहान असलं तरी चालेल. लोभाला मात्र काटकसर नको.

तुझी,
भिंगरी