केबिनीतला अजगर

प्रेरणा,

मी कालच्या डॉक्टरकडे चाललो, सिविक सेंटरच्या दवाखान्यात. पोहे झाकून ठेवले आहेत, खाऊन घे.

काल त्यानं विचारलं, "हिच्यासारखे घबराटीचे झटके घरात आणखी कोणाले येतात काय?" तू नाही म्हणाली अन् मी बाजूले चूप बसून राहिलो. तेव्हापासून माझा मलेच राग येऊन राहिला. डॉक्टर म्हणे, हे बायांमध्ये, तरुण वयात जास्त दिसते, कधी घराण्यातूनही येते. तुझ्या बापानं तेवढं अर्धंच ऐकलं. म्हणे, "पोरींचे नखरे! आमच्या घरात कोणाले आहे?"

मले आहे.

प्लांटमधल्या क्रेनच्या केबिनीत अजगर निघाला म्हणून मी चालू पाळीत खाली पळालो, ही गोष्ट तुले पाठ आहे. तो अजगर दरवर्षी मीच हातभर वाढवला. अजगर नव्हताच, बाई. छाती धडधडली, बोटं बधिर झाली, वाटलं आता मेलोच. पुढंही तसंच होत गेलं अन् दरवेळी मी नवीन जनावर काढलं.

तुझ्या बापाले संध्याकाळी मीच सांगतो. तू माझ्या गोष्टींतली जनावरं मोजून फोन कर, डॉक्टर आकडा विचारंल.

तुझा आजा