स्नेहलला दिलेले दोन गुण

मंगळवार, संध्याकाळ

डिजिटल मीडियाच्या प्रोजेक्टमध्ये जोडीदाराला दहापैकी गुण द्यायचे होते. मी स्नेहलला दोन दिले. दादरच्या फुलबाजारात तिन्ही दिवस मी एकटीनेच शूटिंग केलं. मग चुकलं कुठे?

आज सरांनी आम्हा दोघींना एकमेकींचे फॉर्म दाखवले. तिने मला दहा दिलेत. खाली लिहिलंय, ‘आई आजारी होती, सगळं हिनेच केलं.’ मला कधी बोलली नाही. दहा!

सरांना विचारलं, "माझे गुण बदलता येतील?"

"का? तिने काम केलं होतं?"

मी फॉर्म त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

बाहेर स्नेहल थांबलेली. "बरोबरच दिलेस गं. चल, चहा घेऊ."

मला तिच्याकडे बघवेना. घाई आहे असं खोटंच सांगून निघाले.

तिची आई आता कशी आहे, हे आजही विचारलं नाही मी.