उतरवलेल्या घंटा

प्रिय लाम्ब्रिनी,

पाकीट पाहून आधी घाबरू नकोस. आम्ही सगळे जिवंत आहोत. माझे गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे, आणि गुडघ्यांचं तू मनावर घेऊ नकोस, ते आमचे हे, तुझे मिल्तोसकाका, जिवंत होते तेव्हापासूनच कुरकुरतायत. लिहायची सवय मोडलीय, तेव्हा अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय वाटले तर वाटू देत. फोन का केला नाही ते शेवटी सांगते. घाई करून शेवटचं पान आधी उघडू नकोस. लहानपणीही तुझं हेच. मी गोष्ट सुरू केली रे केली की माझा पदर ओढत विचारायचीस, "आत्या, पण लांडगा मरतो ना शेवटी?"

तुझ्या बापाची बातमी आधी देते, कारण तू विचारणार नाहीस आणि तुला हवी तर तीच असणार. झीकोसची तब्येत बरी आहे, स्वभाव होता तसाच आहे. तुझ्या आईचं, फ्रोसोचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा तू आली होतीस. चर्चमध्ये मागे, मेणबत्त्यांपाशी उभी राहिलीस, माझ्या हातून श्राद्धाच्या गोड गव्हाची पुडी घेतलीस आणि दुपारच्या बसने परत गेलीस. त्याने मान वर केली नाही. लोकांना वाटलं, आता सुतक फिटलं, झीकोस बकऱ्यांच्या गळ्यात पुन्हा घंटा बांधेल. नाही बांधल्या. उरलेला हिवाळा कळप मुकाच चरला. धुक्यात दोन करडं गेली. आवाजच नाही तर शोधायची कुठे? आर्ताकडचा एक व्यापारी घिरट्या घालू लागला. तुझ्या बापाने त्याला सांगून टाकलं की संत यॉर्गीच्या सणाला कळप वर डोंगरात न्यायची वेळ येते, त्याच्या आत सगळाच घेऊन जा. व्यापारी म्हणाला, "आणि घंटा?" तर हा म्हणतो, "त्या भंगारात घाल." फ्रोसोने एकेक वाजवून निवडलेल्या घंटा. मी त्याच्या चुलीपाशी होते, हातातली पळी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडले. बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं.

तुझी आई घंटा कशा घ्यायची आठवतं? यान्निनाच्या जत्रेत दुकानदार तिला लांबून पाहूनच कपाळाला हात लावायचा. घंटा उचलायची, बोटाच्या पेराने ठोकायची, कानाशी धरून स्वतःशी गुणगुणायची आणि परत ठेवून द्यायची. "बाई, बकरीला घालायची आहे का चर्चला?" तो विचारायचा. ती म्हणायची, "चर्चमध्ये मी रविवारी जाते. बकऱ्यांबरोबर रोज असते." झीकोस बाहेर गाढवापाशी अवघडून उभा. पण कळप डोंगर उतरायला लागला की वरच्या आळीची माणसं गप्पा थांबवायची, हे मी स्वतः पाहिलंय. मोठ्यांचा खर्ज, मधल्यांचा मध्य, करडांची किणकिण, आणि सगळ्यांच्या पुढे म्होरक्या बोकडाची ती जाड, सावकाश घंटा. तिच्यावर बाकीच्या टेकून चालायच्या.

आणि तू? मिल्तोसकाकांचा टेपरेकॉर्डर पळवलास आणि म्होरक्याच्या गळ्यात बांधलास. ते लग्नात क्लॅरिनेटवर वाजवायच्या चाली त्यावर उतरवून घ्यायचे, जिवापाड जपायचे. संध्याकाळी तो परत आला तेव्हा पट्टा चावून चोथा झालेला आणि बटणांत काटेकुटे. मी म्हटलं, आता ही पोर मार खाणार. काकांनी टेप लावली, ऐकली, उलटून पुन्हा ऐकली. घंटा, मध्येच बोकडाचं रवंथ, लांबून फ्रोसोची हाक. मग क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "पोली, हा बोकड माझ्यापेक्षा सुरात आहे." तुझं पहिलं गाणं ते. त्यात तुझ्याइतकाच बोकडाचाही हात होता, हे तुझ्या मुलाखतींत कधी येत नाही, म्हणून आठवण करून दिली.

तुझा आजोबा गेला ते त्याच्या पुढच्याच वर्षी. अंगणात तुझे आई-बाप बकऱ्यांना एकेक करून धरत होते, घंटा सोडत होते, आणि तू रडत होतीस, आजोबासाठी कमी आणि घंटांसाठी जास्त. फ्रोसोने तुला जवळ घेतलं आणि म्हणाली, "घरातलं माणूस गेलं की बकऱ्यांनीही गप्प राहायचं असतं, बाळा. आपण काळं नेसतो, त्यांना काळं कुठून नेसवणार?" तू विचारलंस, मग आपण जगायचं कसं, दूध काढायचं की नाही? ती हसली. "दूध काढायचं, चीज लावायचं, पाहुण्यांना वाढायचं. सगळं करायचं. फक्त घंटा नाहीत."

पुढे तू अथेन्सला औषधांचं शिकायला गेलीस आणि शिकलीस भलतंच. बेकरीत पहाटेची पाळी, इजिप्तहून आलेल्या शेजारच्या मिसरी शिंप्याकडून आणलेल्या कॅसेटी, तळघरात पोरंपोरी ढोलाच्या ठोक्यावर उड्या मारतात ते, आणि या सगळ्याच्या खाली आपल्या बायका मयताच्या घरी गातात तो धरून ठेवलेला एकच सूर. तोही तू यंत्रात घातलास. पहिला अल्बम स्वयंपाकघरात केलास, फ्रिज बंद करून, म्हणजे त्याची घरघर येऊ नये. दूध नासलं म्हणून घरमालकीण ओरडली होती ते तूच लिहिलं होतंस. कंपनी नाही, कोणी मोठा माणूस पाठीशी नाही, चार मित्रांनी मिळून तबकड्या काढल्या. मला पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा मी म्हटलं, अगं हे लग्न आहे की मयत? तू म्हणालीस, "आत्या, आपल्याकडे काकांचं क्लॅरिनेट लग्नातसुद्धा आधी रडायचं आणि मग नाचवायचं. मी काय वेगळं करते?"  पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. गाणं कुठलंही असो, कुठून तरी आपल्या घंटा यायच्याच. फ्रोसो ओट्याशी उभी राहून ऐकायची आणि नावं घ्यायची, ही काळी, ही एकशिंगी, हा म्होरक्या. आतल्या खोलीतून तुझा बाप म्हणायचा, "ही एकशिंगी नाही, तिची पोर आहे." म्हणजे तोही ऐकत असायचा.

आता ते. टाळून चालणार नाही. फ्रोसोला पुरून चाळीस दिवस व्हायच्या आत तू सालोनिकाला जाऊन वाजवलंस. त्याचे तुकडे गावात फोनवर फिरले. कॉफीच्या दुकानात कोणीतरी, नाव घेत नाही, तुला नाव माहीत आहे, झीकोसला म्हणालं, "काय रे, तुमच्यात सुतक फक्त बकऱ्याच पाळतात का?" तो कप अर्धा ठेवून उठला. तुला फोन करून काय बोलला ते मला माझ्या घरात, मधल्या भिंतीपलीकडून ऐकू आलं. तू काय बोललीस ते त्यानेच नंतर सांगितलं, "म्हणते, बाबा, मला दुसरं काही करता येत नाही." त्याने फोन ठेवला, तुझा फोटो कपाटात ठेवला, आणि त्यानंतर त्या घरात तुझं नाव त्याने घेतलं नाही. मी घ्यायचे, मुद्दाम, मोठ्याने, त्याची भांडी घासताना. तो बाहेर निघून जायचा.

तुझा नवा अल्बम माझ्या लेकीने, अरेतीने, पात्राहून फोनवर पाठवला. सोबत पेपरातलं काहीतरी होतं. त्यात लिहिलं होतं की लाम्ब्रिनी आता प्रौढ झाली, गावरान नक्षीकाम मागे सोडून मोकळी झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, पोरीने आमचा हात सोडला. मी रोज लावायचे आणि रोज वाटायचं, भाजी चांगली झालीय पण मीठ कुठे आहे? सगळं होतं, काकांचा रडका सूर होता, ढोल होता, शिंप्याची मिसरी चाल होती. काय नाही ते सापडत नव्हतं. एवढी वर्षं तुमच्या शेजारी काढून सापडलं नाही, यावरून माझ्या डोक्याची कल्पना कर.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एका सकाळी झीकोस माझ्यासाठी लाकडं घेऊन आला. तुझं गाणं चालू होतं. मी बंद केलं नाही. म्हटलं, जायचं तर जाऊ दे, मी माझ्या घरात बसलेय. तो दारातच थांबला, लाकडांची मोळी छातीशी धरून. गाणं संपलं. म्हणाला, "पुढचं." पुढचं संपलं. "पुढचं." असं करत सगळा अल्बम झाला. मी म्हटलं, अरे बस तरी. तो म्हणाला, "आधीचा लाव. जुना." जुना लावला, पहिल्या झटक्यालाच आपला कळप उतरायला लागला, तुला माहीतच आहे. त्याने हाताने खूण केली, पुरे. "परत नवा." मग थोडं ऐकून माझ्याकडे पाहिलं, आणि लाम्ब्रिनी, फ्रोसो गेल्यापासून माझ्या भावाचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. म्हणाला, "पोली, तिनं घंटा उतरवल्यात." तेव्हा कुठे त्याच्या हातातली लाकडं खाली पडली, अर्धी माझ्या पायावर.

मग त्याला सालोनिकाचे ते तुकडे पाहायचे होते. आम्ही दोघं चष्मे लावून बसलो, दोन म्हाताऱ्या घुबडांसारखे. तू काळ्या कपड्यात, मान खाली, यंत्रावर वाकलेली. लोक नाचत होते, हे खरं आहे. झीकोसने कान लावून लावून ऐकलं. त्या दिवशीही घंटा नव्हत्या. मीच खोडी काढली, म्हटलं, पण माणसं नाचवली ना तिने? तर म्हणाला, "मयताच्या घरी पाहुणे आले की आपण त्यांना जेवू घालत नाही का? आपण जेवत नाही, एवढंच." मग म्हणाला, "अख्खं जग म्हणतंय, पोर मोकळी झाली. आणि ती वर्षभर सुतक पाळून बसलीय. मी बकऱ्या राखणारा माणूस. मला कळायला नको?" तो रडला. मीही रडले. तुला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगतेय.

आता फोन का नाही ते. मी फोनच उचलत होते, त्याने अडवलं. म्हणाला, "फोनवर ती विचारेल बाबा काय म्हणाले, आणि तू चार शब्द पदरचे घालशील. लिही, आणि मला वाचून दाखव." तेव्हा वरचं सगळं त्याने ऐकलंय, रडण्याचं सोडून, ते मी वाचताना गाळलं. व्यापारी परवा आला आणि रिकाम्या हाताने गेला. माळ्यावरून घंटा खाली आल्या, राखेने आणि व्हिनेगरने घासल्या, आणि काल तुझ्या बापाने सगळ्या कळपाला एकट्याने बांधल्या. फक्त म्होरक्याची उरलीय. ती संत यॉर्गीच्या सकाळी कळप वर निघताना घरची बाई बांधते, ती फ्रोसोच बांधायची. मी पुढे झाले तर माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाला, "तू दुसऱ्या घरची, पोली. हिची मालकीण अथेन्सला आहे." ती तुझ्या पलंगावर ठेवलीय, तुझा फोटो भिंतीवर परत गेलाय, आणि म्होरक्या दारात उभा राहून आमच्याकडे पाहतोय. त्याच्याशिवाय कळप हलत नाही, हे तुला सांगायला नको. शेवटी काय लिहू, असं मी झीकोसला विचारलं. मग एवढंच म्हणाला, ते जसंच्या तसं लिहिते, पदरचं काही नाही: "तिला सांग, वर्ष झालं. माझ्या बांधून झाल्या. आता तिनंही बांधाव्यात."

वाट पाहणारी, तुझीच,
पोलिक्सेनी आत्या