गेटची वही

सोमवार, ३ नोव्हें.
कंपू भागातल्या डॉक्टरांकडे गेलो. नळी घालून घसा पाहिला. जखम छान भरलीय म्हणाले. आजपासून रोज दहा मिनिटं बोलायची परवानगी. सगळं ठीक राहिलं तर जानेवारीत इंग्रजीचा क्लास सुरू करायला हरकत नाही! जूनपासून क्लास बंद, सप्टेंबरात ऑपरेशन, आणि तेव्हापासून पाटीवर लिहून लिहून संसार.

पहिलं वाक्य काय बोलावं याचा रिक्षात विचार करत होते. घरी आल्यावर तोंडातून निघालं ते, "अहो, गॅस बंद केला होतात का?" सुहास खूप हसले. मलाही हसू आलं. आवाज जरा फाटका आहे, पण माझाच आहे.

दुपारी फोन. सवयीनं त्यांनीच घेतला. "हो, बरी आहे. नाही, बोलणार नाही ती." मी समोरच उभी. बोलू शकत होते. राहू दिलं.

बुधवार, ५ नोव्हें.
वही सापडत नाही. गेटची. जानेवारीसाठी काढायला गेले तर कपाटात, शिवणाच्या डब्याखाली, नेहमीच्या जागी नाही. ट्रंक, माळा, इराची जुनी दप्तरं, सगळं पालथं घातलं.

निळी, दोनशे पानी, अठरा वर्षांची. पहिल्यांदा ती हातात दिसली तेव्हा सुहासनी विचारलं होतं, "कुठल्या गेटची गं? आपल्या फाटकाची?" तेव्हापासून घरात ती गेटचीच वही. इंग्रजीतलं ते एवढंसं क्रियापद, पण माझ्या क्लासातल्या मुलांना सगळ्यात जास्त तेच छळतं. आपल्याकडे राग येतो, भूक लागते, माणूस दमतो, नोकरी मिळते. जो तो आपापलं क्रियापद घेऊन येतो. तिकडे सगळ्यांना एकटा गेट पुरतो. मग मुलं बोलतात, 'अँगर इज कमिंग टू मी.' घरी हिंदी बोलणारी असोत की मराठी, पडतात एकाच खड्ड्यात. म्हणून दोन रकाने केले. डावीकडे विशेषणं: अँग्री, टायर्ड, ओल्ड. गेट म्हणजे होणे. उजवीकडे नामं: लेटर, जॉब, चान्स. गेट म्हणजे मिळणे. आणि प्रत्येकाखाली घरातलं उदाहरण. बाकी व्याकरण कोणीही शिकवेल. हे माझं आहे.

आज तीनच मिनिटं बोलले. त्यातली दोन "वही पाहिलीत का?" यात गेली. सुहास पेपरातून वर न बघता, "असेल इथेच कुठे."

शुक्रवार, ७ नोव्हें.
इरा बँकेतून आली ती चपला न काढता. तिच्या सिटी सेंटरच्या ब्रँचमधली एक मुलगी इंग्रजीच्या क्लासला जाते, तिच्या टेबलावरची पुस्तिका उचलून आणली. "आई, ये देख! ही तर आपली आक्का आहे!"

पान नऊ. 'माय मदर-इन-लॉ गेट्स अँग्री ऑन ट्यूजडेज.'

माझं वाक्य. आक्का, माझ्या सासूबाई. मंगळवारी त्यांचा कडक उपास असायचा आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या वाटेला कोणी जायचं नाही.

पुस्तिका मीनलची. मुखपृष्ठावर तिचा फोटो, खाली 'मेरी अपनी पद्धति'. आपली मीनल! इथे दर्पण कॉलनीत अकरा वर्षं माझ्याच क्लासात धाकटी बॅच सांभाळली. माझा घसा गेला तेव्हा रडत रडत तिकडे सिटी सेंटरला स्वतःचा क्लास काढला. मुहूर्ताचा नारळ मीच नेऊन दिला होता. तिच्या सासूबाई तर तिच्या लग्नाआधीच गेलेल्या, त्या कुठल्या मंगळवारी रागावणार?

पान चौदावर 'फीव्हर' विशेषणांच्या रकान्यात. ही चूकही माझीच. इरा सात वर्षांची, अंगात ताप, एका हातानं पट्ट्या बदलत दुसऱ्यानं लिहीत होते, तेव्हा नाम चुकून डावीकडे गेलं. पुढे वर्गात नेहमी सांगून दुरुस्त करायचे, वहीत तसंच राहिलं. अकरा वर्षं ऐकून मीनलनं तेवढंही पाहिलं नाही. उचललं आणि छापलं.

जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ नोव्हें.
सकाळी मीनलला मेसेज: माझी वही तुझ्याकडे कशी? दुपारी उत्तर. इंग्रजीत! 'आय गॉट इट फ्रॉम युअर होम ओन्ली, ताई. प्लीज डोन्ट गेट अपसेट.'

गेट अपसेट. डावा रकाना. मीच शिकवलं.

आणि 'गॉट'. शब्द बरा शोधला. मराठीत लिहायचं असतं तर सांगावं लागलं असतं ना बाई, मिळाली, आणली, मागून घेतली की चोरली. गॉट म्हटलं की हात कोणाचा ते दिसतच नाही. अठरा वर्षं मी मुलांना हेच कौतुकानं सांगत आले, की बघा किती सोयीचं क्रियापद आहे.

ऑपरेशननंतर भेटायला आली होती, 'गेट वेल सून'चं कार्ड घेऊन. तेव्हाच उचलली असणार. मी आत झोपले होते, मुकी. कार्ड अजून फ्रिजवर होतं. फाडलं.

सुहास म्हणाले, "जाऊ दे, तब्येत बिघडवून घेशील." इरा म्हणाली, "नाही बाबा, हे तर चीटिंग आहे सरळ सरळ." ते उठून झाडांना पाणी घालायला गेले. सकाळी घातलं होतं.

सोमवार, १० नोव्हें.
एकटीच गेले सिटी सेंटरला. आवाज वर्गासाठी राखायचा म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून नेली: चोरलीस. एवढंच.

मीनलनं वाचली. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं लाजेनं. "ताई, चोरी मत बोलो. भावजींनीच दिली. मी फोन केला होता, तर ते स्वतः पिशवीत घालून इथे आणून देऊन गेले. म्हणाले, ताईंना आता क्लास नाही जमणार, तूच वापर."

मी विचारलं, "माझं नाव?"

"ते घालायचं राहून गेलं, ताई."

खोटं बोलतेय असं फार वाटून घ्यायचं होतं. पण पिशवी तिथेच खुंटीला होती. जांभळी, इराच्या बँकेची. आमच्याकडे त्या दोन होत्या.

परत कशी आले आठवत नाही.

मंगळवार, ११ नोव्हें.
आज मंगळवार. आक्कांचा दिवस.

घड्याळ समोर ठेवून बसले. म्हटलं, दहाच्या दहा मिनिटं आज यांच्यावर.

नाकारलं नाही त्यांनी. "हो, दिली. तिचा फोन आला, तू आत पडलेली. मागितली तिने, मी म्हटलं ठीक आहे."

"मला विचारलं नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस ना."

"पाटी होती."

त्यांनी पेपराची घडी घातली. मग, "अगं, डॉक्टरने म्हटलं होतं मला, पहिल्यासारखा आवाज येईलच असं काही नाही. मग तू परत थोडीच क्लास घेणार होतीस? वही पडूनच राहिली असती. कोणाच्या कामी तर आली."

डॉक्टर मला तसं काही म्हणाले नव्हते. म्हणजे यांना म्हणाले आणि यांनी ते पोटात ठेवलं. मी रोज सकाळी गुळण्या करत जानेवारीचे दिवस मोजत होते, आणि समोर बसून चहा पिणाऱ्या माणसानं माझा क्लास कधीच बंद केला होता. सामानसुद्धा वाटून टाकलं होतं.

मीनलचा राग आला होता तेव्हा बरं होतं. तिच्याशी भांडता येत होतं.

साडेसहा मिनिटं झाली होती. उरलेली बोलले नाही.

गुरुवार, १३ नोव्हें.
परवापासून घरात बोलत नाही. सुहासना वाटतं, घशाला जपतेय. माझ्या शेजारी बसून फोनवर सांगतात, "आराम चालू आहे तिचा." अजूनही माझ्या वतीनं तेच बोलतात.

इराला कळलंय. "आई, बाबांनी जानबूझ के नाही केलं." नसेल. ठरवून केलं असतं तर निदान माझा विचार तरी मनात येऊन गेला असता.

रविवार, १६ नोव्हें.
सकाळी सुहास न सांगता बाहेर. अकराला परत आले. जांभळी पिशवी टेबलावर ठेवली, शेजारी चहाचा कप. चहा स्वतः केलेला, साखर जास्त.

"मीनल म्हणाली, पुढच्या छपाईत तुझं नाव घालते. वर."

मी पाटीला हात लावला नाही.

कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "वसू, अब छोड़ भी. गेट ओव्हर इट."

इंग्रजी बरोबर होतं. एरवी कधी बोलत नाहीत.

ते गेल्यावर वही उघडली. मीनलच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, खोडता येतील. 'फीव्हर' खोडून उजवीकडे नेला. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. गेट ओव्हर कुठेच नाही. विशेषणं झाली, नामं झाली, त्याच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते. मागची अकरा पानं कोरी आहेत.

नवीन पानावर मथळा घातला आहे. गेट ओव्हर. खाली घरातलं उदाहरण हवं.

बाहेरून विचारतायत, चहा घेतलास का. आजची दहाच्या दहा मिनिटं शिल्लक आहेत.